एकच वाइन, अनेक सालं: ऑस्ट्रेलियन रेड साठवणाऱ्यांचा धागा

टेरारोसा (ॲडलेड)

मंडळी, नमस्कार. 'ऑस्ट्रेलियन रेड म्हणजे जाड, गोडसर शिराझ. आणली की त्याच आठवड्यात संपवायची' असं आपल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकतो की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. या देशात वीस-तीस वर्षं मुरणाऱ्या रेड वाइन आहेत, आणि त्यातल्या कित्येक साध्या पगारदार माणसाला परवडतात.

गेल्या महिन्यात आमच्या गटाने विन्स या वाइनरीच्या कूनवारा 'ब्लॅक लेबल' कॅबर्नेची (शिराझसारखीच काळ्या द्राक्षाची एक जात) सहा सालं, म्हणजे सहा वेगवेगळ्या वर्षांच्या तोडणीची वाइन, एका टेबलावर मांडली: १९९८, २००५, २०१०, २०१२, २०१५ आणि २०१८. हीच वाइन का? १९५४ पासून ती निघते आहे, द्राक्षं त्याच पट्ट्यातली असतात आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. तीन त्रिकोणी छपरांच्या इमारतीचं चित्र असलेलं ते लेबल तुम्ही नक्की पाहिलं असेल. कूनवारा हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातला जेमतेम पंधरा किलोमीटर लांबीचा लाल मातीचा पट्टा. मातीचा थर पातळ, खाली चुनखडी, आणि दक्षिण महासागर जवळ असल्याने रात्री गार. कॅबर्नेला हे फार मानवतं.

२०१८ गडद जांभळी. नाकाशी नेली की ब्लॅककरंट, जांभूळ, थोडा पुदिना. तोंडात गेल्यावर हिरड्या आवळून धरते. २०१५ गप्प होती. दोन तास डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ठेवूनही फारसं काही बोलली नाही. कॅबर्नेचं मधल्या वयात असं होतं, त्यावरून तिला नापास करू नये. २०१२ भरलेली, गोल. आमच्यातल्या निम्म्या लोकांची पहिली पसंती तिला. माझी मात्र २०१०. फळ अजून ताजं, पण त्यामागून सिडारचं लाकूड, तंबाखू, किंचित चामडं यायला लागलंय आणि तुरटपणा मऊ झालाय. २००५ आता प्यावी, थांबण्यात अर्थ नाही. १९९८ कडेला विटकरी, मधोमध डाळिंबी. फळ मागे सरकलंय, पुढे आलीय ओली माती, अळंबी, सुकी पानं. ग्लासात पाऊण तास छान राहिली, मग उतरू लागली. एकाने ती बाजूला सारली आणि दुसऱ्याने त्याचा ग्लासही संपवला, म्हणजे हे शेवटी आवडीवर आहे.

बाटलीत नेमकं काय घडतं ते थोडक्यात. चहा फार उकळला की जीभ कोरडी पडते, तसा रेड वाइनमधला तुरटपणा टॅनिनचा; तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडा ओकच्या पिपातून येतो. वर्षं जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी वाइन फिकट होते, मऊ लागते आणि बाटलीत गाळ सापडतो. गाळ हा दोष नाही. दुसरीकडे ताज्या फळाचा वास हळूहळू विरतो आणि त्या जागी मघा लिहिले ते वास येतात. आंबटपणा बहुतांशी तसाच राहतो, आणि वाइनला उभं ठेवतो तो आंबटपणाच.

माझं सांगणं एवढंच: दहा वेगवेगळ्या वाइनची एकेक बाटली घेण्यापेक्षा एकाच वाइनच्या सहा घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी एक उघडा. पुढच्या वर्षी तीच वाइन नव्या सालाची घ्या. साल म्हणजे काय, वय म्हणजे काय हे असंच कळतं. वाचून कळत नाही.

यारापार (मेलबर्न)

दादा, फार छान लिहिलंत. वाचनखूण साठवली.

दोन प्रश्न. दुकानातला माणूस बोट दाखवून 'ही वीस वर्षं टिकेल' म्हणतो, ते त्याला कशावरून कळतं? आणि सालाचा तक्ता बघितला तर २०११ सगळीकडे लाल रंगात आहे. त्या सालाचं काहीच घ्यायचं नाही का? एका स्नेह्यांनी २०११ ची मार्गारेट रिव्हरची कॅबर्ने भेट दिली आहे. उघडून टाकू की ठेवू?

टेरारोसा

ठेवू शकता. स्नेह्यांनी जाणून दिलेली दिसते.

अख्ख्या ऑस्ट्रेलियाला एक गुण देणारा तक्ता बघूच नका. पर्थ ते सिडनी हे अंतर मुंबई-दिल्लीच्या दुपटीहून जास्त आहे, पाऊस दोन्हीकडे एकाच मापाने कसा पडेल? २०१०-११ च्या उन्हाळ्यात ला निनामुळे पूर्वेला आणि दक्षिणेला सतत पाऊस झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बरोसा आणि कूनवारा, व्हिक्टोरियातलं यारा, सगळीकडे केवडा हा बुरशीरोग आणि घडकूज. पण पश्चिम किनाऱ्यावरचं मार्गारेट रिव्हर कोरडं आणि उबदार राहिलं. तिथे २०११ चांगलं साल आहे.

तिथली कॅबर्ने तुलनेने नवी आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. १९६५ मध्ये जॉन ग्लॅडस्टोन्स या शेतीशास्त्रज्ञाने हवामानाचा अभ्यास करून लिहिलं की इथे फ्रान्सच्या बोर्दोसारखी द्राक्षं येतील. १९६७ मध्ये टॉम कलिटी या डॉक्टरने व्हास फेलिक्स ही बाग लावली. मग मॉस वुड, केप मेंटेल, कलन. पन्नास-साठ वर्षांत हा प्रदेश जगातल्या उत्तम कॅबर्नेच्या रांगेत जाऊन बसला. २०१८ तर तिथलं अप्रतिम साल.

उन्हाळ्यांचंही तसंच. मार्च २००८ मध्ये ॲडलेडला सलग पंधरा दिवस पारा ३५ च्या वर होता. बरोसात आणि मॅक्लारेन व्हेलमध्ये लाटेच्या आधी तोडणी केलेल्यांच्या वाइन सुंदर आहेत. उशिरा तोडणाऱ्यांच्या वाइनमध्ये मनुक्यासारखी शिजलेली चव आणि चढं अल्कोहोल. साल तेच, शेजार तोच, फरक दोन आठवड्यांचा. म्हणून २००८ ची बरोसा घेताना सालापेक्षा कुणी केली ते बघा.

माझ्या अनुभवात दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी १९९०, १९९१, १९९६, १९९८, २०१०, २०१२ आणि २०२१ ही डोळे मिटून घ्यावीत अशी सालं. २०१९ कोरडं, उत्पादन फार कमी, रस दाट. २०२३ थंड आणि उशिरा पिकलेलं. त्यातल्या हलक्या वाइन मला आवडतात, पण त्या लांब ठेवायला मी घेतलेल्या नाहीत.

टिकेल की नाही हे कळायला दोन गोष्टी आहेत. पहिली, त्या वाइनचा इतिहास. आधीची सालं टिकली असतील तर पुढचीही टिकण्याची शक्यता. दुसरी, तरुणपणीचा तोल. फळ, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल यांतलं काही सुरुवातीलाच एकटं वर आलेलं असेल, तर वय ते दुरुस्त करत नाही. तुरटपणा वयाने मऊ होतो, पण जास्तीचं अल्कोहोल कमी होत नाही आणि नसलेला आंबटपणा येत नाही.

जाता जाता एक: इथे तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. त्यामुळे इथली २०१२ ही फ्रान्सच्या २०१२ पेक्षा सहा महिन्यांनी मोठी असते.

हंटरवारी (सिडनी)

कूनवारा-बरोसाच्या गर्दीत आमच्या हंटरला विसरू नका, दादा!

सिडनीपासून दोन-अडीच तासांवरची ही दरी गरम आहे, तोडणीच्या वेळी नेमका पाऊस येतो, कागदावर बघितलं तर इथे रेड व्हायलाच नको. तरी इथली शिराझ मध्यम अंगाची, कमी अल्कोहोलची आणि दीर्घायुषी. तरुणपणी ती तांबडी करवंदं आणि माती, वीस वर्षांनी चामडं आणि मसाले. मॉरिस ओ'शे यांनी माउंट प्लेझंट या इथल्या वाइनरीत १९३० आणि ४० च्या दशकांत केलेल्या वाइनबद्दल लोक अजून आदराने बोलतात. १९६५ हे इथलं दंतकथेसारखं साल, आणि २०१४ त्याच्यानंतरचं सर्वोत्तम असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडच्या २०१४ मी अजून बहुतेक राखून ठेवल्या आहेत. उघडलेल्या एकीत इतकी ताकद होती की बाकीच्या आणखी दहा वर्षं तरी हलवणार नाही.

२०२० मात्र इथे धुराने नेलं. वणव्यांचा धूर द्राक्षाच्या सालीत शिरतो, तिथे साखरेला बांधला जातो, आणि आंबवताना किंवा नंतर बाटलीतसुद्धा सुटतो. जीभ राखेसारखी होते. अनेकांनी त्या वर्षी रेड केलीच नाही. पीक उभं असताना ते सोडून देणं किती जिवावर येत असेल! पण ज्यांनी सोडलं त्यांच्या नावावर माझा विश्वास वाढला.

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. 'एकच वाइन, अनेक सालं' हे खरं, पण 'एकच साल, अनेक प्रदेश' हेही तितकंच शिकवतं. २०१८ ची हंटर, बरोसा, ग्रॅम्पियन्स आणि कॅनबेरा शिराझ शेजारी ठेवून बघा. एका देशातली एकच जात आहे यावर विश्वास बसत नाही.

टेरारोसा

मान्य, ताई. पण नवीन माणसाला आधी वय कळू दे. प्रदेश ग्लास शेजारी ठेवून एका संध्याकाळी दिसतो, वयाला वर्षं द्यावी लागतात. म्हणून त्याची सुरुवात लवकर करायची.

निफाडकर

आम्ही पिढीजात द्राक्ष बागाईतदार, त्यातही टेबल ग्रेप्स. वाइनमधलं फार कळत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे डॉगरिज खुंटावर (कलमाखालच्या मुळाच्या झाडावर) कलम, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि पंधरा-वीस वर्षांत उत्पादन घसरलं की बाग काढायची. तिकडे शंभर-दीडशे वर्षांच्या वेली आहेत असं ऐकलं. खरंच का? त्या देतात तरी किती? आणि खुंट कुठला?

टेरारोसा

दादा, तुमच्या प्रश्नाने बरं वाटलं. खुंट नाहीच! स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

युरोपातल्या बागा एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून तिथे जवळपास सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलम करतात. ऑस्ट्रेलियात ही कीड १८७७ मध्ये व्हिक्टोरियात जीलाँगजवळ सापडली. पण दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये कायदा करून वेली आणि माती आणण्यावर कडक बंदी घातली आणि ती आजवर पाळली. कीड इथे शिरलीच नाही. बरोसात फिरताना 'बागेत पाय टाकू नका' असे फलक दिसतात ते याचसाठी. बुटाच्या मातीतूनही ती येऊ शकते.

त्यामुळे टनंडाला लँगमाइलची १८४३ मध्ये लावलेली शिराझ अजून फळ देते. टर्की फ्लॅटची १८४७ ची. ईडन व्हॅलीत हेन्श्की कुटुंबाच्या 'हिल ऑफ ग्रेस' बागेतल्या सर्वांत जुन्या वेली १८६० च्या दशकातल्या. बरोसाने २००९ मध्ये वेलींच्या वयाची सनद केली: ३५ वर्षांवर 'जुनी', ७० वर 'तगलेली', १०० वर 'शतायुषी' आणि १२५ वर 'पूर्वज'. उत्पादन अगदी कमी असतं, घड लहान, मणी लहान. पण मुळं खोल गेलेली असल्याने कोरड्या सालात त्या तरुण बागेसारख्या गळपटत नाहीत.

या वेली वाचल्या हेही सहज झालेलं नाही. १९८० च्या दशकात रेड द्राक्षाला भाव नव्हता आणि सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. कितीतरी जुनी शिराझ तेव्हा गेली. पीटर लेहमन आणि रॉकफर्डचे रॉबर्ट ओ'कॅलहन यांच्यासारख्यांनी शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेत राहून बागा जगवल्या. आज रॉकफर्डच्या 'बास्केट प्रेस' शिराझसाठी लोक यादीत नाव लावतात.

निफाडकर

वेली उपटायला पैसे! वाचून पोटात गोळा आला. भाव पडला की काय होतं ते आम्ही दर दोन-चार वर्षांनी बघतो. आता तरी तिकडच्या शेतकऱ्याचं बरं चाललंय का?

हंटरवारी

सगळ्यांचं नाही, दादा. चीन हा ऑस्ट्रेलियन रेडचा मोठा ग्राहक होता. त्याने २०२१ मध्ये २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, ते मार्च २०२४ मध्ये उठवलं. मधल्या काळात टाक्या रेडने भरून राहिल्या. मरे नदीकाठच्या गरम, पाटपाण्याच्या भागातल्या शेतकऱ्याला द्राक्ष काढण्याचा खर्चही सुटेना. आम्हाला दुकानात वाइन स्वस्त मिळते त्यामागे कुणाचं तरी नुकसान असतं, हे लक्षात ठेवून मी छोट्या उत्पादकाकडून थेट घेते.

सदाशिवपेठी (पुणे)

भाऊ ॲडलेडला असतो, येताना दोन बाटल्या आणतो. आमच्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये आतसुद्धा ३४-३५ असतं. कपाटाच्या तळाशी, अंधारात ठेवल्या तर चालतील का? फ्रिजमध्ये ठेवू का? आणि स्क्रूकॅपची वाइन साठवण्यालायक नसते असं इथे एकाने सांगितलं.

टेरारोसा

कपाटात नका ठेवू. दोन-चार महिन्यांसाठी ठीक, पण पुण्याचा एक पूर्ण उन्हाळा चांगल्या वाइनची वाट लावतो. उष्णतेने सगळ्या प्रक्रिया वेगाने होतात आणि त्या सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणजे तीन वर्षांत दहा वर्षांची वाइन मिळत नाही, फक्त थकलेली मिळते. फळ शिजल्यासारखं होतं. वाइन प्रसरण पावून कॉर्क वर ढकलते, तिथून हवा जाते. कॉर्क काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं किंवा बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ असेल तर समजावं की हिने ऊन खाल्लंय.

आदर्श तापमान १३ ते १५ अंश. त्याहून महत्त्वाचं, ते सारखं हवं. वर्षभर १८ असेल तर मला चालेल. दुपारी २८ आणि रात्री १६ असं रोज होणार असेल तर नाही. अंधार हवा, हलवाहलव नको, कॉर्कची बाटली आडवी, हवेत दमटपणा साठ-सत्तर टक्के. घरचा फ्रिज काही आठवड्यांसाठी चालेल, वर्षांसाठी नाही: फार थंड, फार कोरडा, आणि कंप्रेसर सतत थरथरतो. पुण्यात खरोखर साठवायचं असेल तर छोटा वाइन फ्रिज आणि त्याला इन्व्हर्टरचा आधार. नाहीतर भावाकडेच ठेवा, आणि प्यायच्या वर्षी आणायला सांगा. मनापासून सांगतो, हाच सर्वांत चांगला मार्ग.

स्क्रूकॅपबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलंय. २००० च्या हंगामात क्लेअर व्हॅलीतल्या रिसलिंग ही पांढरी वाइन करणाऱ्यांनी एकत्र येऊन स्क्रूकॅप स्वीकारलं, कारण कॉर्कमधून येणाऱ्या टीसीए नावाच्या रसायनाने ओल्या पुठ्ठ्याचा वास लागून बाटल्या वाया जात होत्या. मग रेडवालेही वळले. आज इथली बहुतेक वाइन स्क्रूकॅपमध्ये असते, ठेवण्याजोगी रेडसुद्धा. ती मुरते, फक्त सावकाश आणि सगळ्या बाटल्या सारख्या. कॉर्कखाली बारा बाटल्यांची बारा वेगळी नशिबं असतात. स्क्रूकॅपची रेड उघडल्यावर कधी विझलेल्या काडेपेटीसारखा वास येतो; डिकँटरमध्ये ओतून अर्धा तास थांबा, जातो.

सदाशिवपेठी

खूप आभार. भावाचं घर हाच माझा सेलर!

आणखी एक. मुक्त व्यापार करारानंतर ऑस्ट्रेलियन वाइन इथे स्वस्त होणार म्हणत होते. झाली का?

हंटरवारी

करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्याआधी आयात शुल्क १५० टक्के होतं. करार लागू होताच, आयातीचा भाव बाटलीला पाच डॉलरच्या वर असेल तर ते १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० होईल; पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर लगेच ७५, दहा वर्षांत २५. हे अमेरिकन डॉलर. पण त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, वाहतूक, दुकानदार हे सगळं आहेच, त्यामुळे फरक हळूहळू जाणवेल. सामानातून माणशी दोन लिटर शुल्कमुक्त, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या निवांत बसतात. महाराष्ट्रात परवाना लागतो, तोही जवळ ठेवा.

काळीमिरी (बेंगळुरू)

जेवणाबरोबर काय? आमच्याकडे रविवारी मटण असतं. शिराझमध्ये मिरीचा वास येतो असं वाचलं, तर काळ्या मसाल्याबरोबर जमेल असं वाटतं.

हंटरवारी

मिरीचा वास खराखुरा मिरीचाच असतो! रोटंडोन नावाचा रेणू काळ्या मिरीत असतो, तोच शिराझच्या सालीत असतो. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने तो २००८ मध्ये ओळखून काढला. थंड जागी आणि थंड सालात तो जास्त होतो, म्हणून व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सची शिराझ मिरीने घमघमते आणि बरोसाची फारशी नाही. गंमत म्हणजे सुमारे पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. चार जण 'मिरी, मिरी' म्हणत असताना पाचवा गोंधळलेला असेल तर तो खरंच बोलतोय.

मटणाचं असं: तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही अंगावर येतात. लाल तिखटाचा तांबडा रस्सा असेल तर रेड ठेवूच नका, दोघांचंही नुकसान. सुकं मटण, ज्यात भाजलेलं खोबरं, मिरी, दगडफूल आहे आणि मिरची हात राखून आहे, त्याबरोबर पाच-सात वर्षांची ग्रॅम्पियन्स किंवा हंटर शिराझ मला फार आवडते. पांढऱ्या रश्श्याबरोबरही. जुनी वाइन मात्र मसाल्यापुढे आणू नका, तिचा आवाज बारीक झालेला असतो. साधं भाजलेलं मटण, मीठ, मिरी. मशरूमचा पुलावही चालतो.

आणि थोडी गार करून द्या. 'रूम टेंपरेचर' म्हणजे आपल्याकडचे ३२ अंश नव्हेत. १६ ते १८. बेंगळुरूत वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की पुरे.

यारापार

जुनी वाइन डिकँटरमध्ये किती वेळ ठेवायची? आणि लिलावातून जुनी बाटली घेण्यात अर्थ आहे का? पेनफोल्ड्सची ती नावाजलेली, महागडी ग्रेंज एकदा तरी चाखायची इच्छा आहे.

टेरारोसा

तरुण वाइनला हवा देण्यासाठी ओततात, दोन-तीन तास चालतात. जुनीला फक्त गाळ वेगळा करण्यासाठी. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, मग गळ्याखाली टॉर्च धरून एका दमात, न हिंदकळता ओता. गाळ गळ्याशी आला की थांबा. आणि लगेच प्यायला घ्या. तीस वर्षांची वाइन तासाभरात संपलेली बघितली आहे. जुन्या कॉर्कला स्क्रू लावू नका, दोन पात्यांचं ओपनर बाजूने सरकवून काढा.

लिलावात सालापेक्षा आधी बाटलीतली पातळी बघा. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन गळ्याच्या तळापर्यंत हवी. खांद्याच्या मध्यावर उतरली असेल तर सोडून द्या. आधी कुठे ठेवली होती हे विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. पेनफोल्ड्स १९९१ पासून पंधरा वर्षांवरच्या आपल्या रेड तपासून पुन्हा कॉर्क लावून देण्याची शिबिरं घेत आलंय. तशी बाटली मिळाली तर तिच्यावर तपासणीचं लेबल असतं.

ग्रेंजबद्दल. चाखाच, पण तिची गोष्ट जाणून. पेनफोल्ड्ससाठी वाइन करणारे मॅक्स शुबर्ट १९५० मध्ये युरोपला गेले होते, मुख्यतः शेरी-पोर्ट बघायला. बोर्दोमध्ये त्यांना चाळीस-पन्नास वर्षांच्या वाइन चाखायला मिळाल्या आणि अशी टिकणारी रेड आपल्याकडे करायची असं त्यांनी मनावर घेतलं. कॅबर्ने पुरेशी नव्हती म्हणून शिराझ, फ्रेंच ओक नव्हता म्हणून अमेरिकन. १९५१ ला पहिला प्रयोग. कंपनीतल्या वरिष्ठांनी चाखून नाकं मुरडली आणि १९५७ मध्ये बंद करायचा हुकूम दिला. शुबर्ट यांनी ५७, ५८ आणि ५९ ची सालं ॲडलेडच्या मॅगिल वाइनरीच्या तळघरात लपवून केली. दरम्यान पहिली सालं मुरली, तीच चव पाहून १९६० मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. त्या वरिष्ठांनी कच्ची वाइन चाखून निकाल दिला होता, बाकी काही नाही.

आजची किंमत माझ्या आवाक्यातली नाही. तो पैसा एका बाटलीत घालण्यापेक्षा मी 'सेंट हेन्री' घेतो. त्याच घरातली, पण जुन्या मोठ्या लाकडी पिपांत मुरवलेली, नव्या ओकचा वास नाही. शिराझ वयाने कशी बदलते ते हिच्यात दिसतं. त्याहून स्वस्तात 'बिन २८', टाबिल्कची साधी शिराझ आणि कॅबर्ने, आणि अर्थात ब्लॅक लेबल. टाबिल्क १८६० पासून वाइन करतंय आणि त्यांची शिराझ पंधरा वर्षं सहज जाते.

यारापार

शेवटचा प्रश्न. मुलगी २०२१ ची आहे. तिच्यासाठी काही ठेवायचं मनात आहे. एक महागडी बाटली की जास्त साध्या?

टेरारोसा

साल छान निवडलंय तिने! बरोसा, कूनवारा, मॅक्लारेन व्हेल, तिन्हीकडे २०२१ समतोल, थंडावा राखून पिकलेलं.

साध्या, जास्त. एकच बाटली असेल तर ती कधी उघडायची या विचारातच राहते, आणि नेमकी तीच बिघडलेली निघाली तर काही उरत नाही. ब्लॅक लेबलची २०२१ बारा घ्या, आणि झेपलं तर सेंट हेन्रीच्या दोन. पहिली २०२९ च्या आसपास तुम्ही दोघांनी उघडा, मग दर दोन वर्षांनी एक, आणि काय लागली ते वहीत तारखेसकट लिहा. निम्म्या तिच्यासाठी राहतील. मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची बाटली, मिळाली तर एक जरूर घ्या. मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते. मेलबर्नमध्ये घराखाली जागा नसेल तर भाड्याने वाइन ठेवायची गोदामं आहेत, वर्षाचं भाडं एका चांगल्या बाटलीइतकं पडेल. गॅरेज नको. मेलबर्नला जानेवारीत एका दिवसात ४२ होतं आणि पत्र्याखाली त्याहून जास्त.

हंटरवारी

बारा घेतल्यात तर बाराही एकाच खोक्यातल्या घ्या, फोडलेल्या नकोत. आणि पावती खोक्यातच ठेवा.